दिघेकाकांचं श्रॉपशर

नागोयाच्या किल्ल्यात लिफ्ट आहे. जुना किल्ला महायुद्धात जळून गेला, त्याच जागी काँक्रीटचा नवा उभा केला आणि करता करता म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय म्हणून लिफ्टही बसवली. हे कळलं तेव्हा मला पहिला धक्का बसला. दुसरा बसला तो लिफ्टच्या आत. दार बंद झालं, आणि आम्हाला किल्ला दाखवायला आलेले दिघेकाका घसा खाकरून म्हणाले, "वर पोचेपर्यंत लडलोच्या किल्ल्याची माहिती ऐकून घ्या."

लडलो इंग्लंडात आहे. आम्ही जपानात होतो. लिफ्टमध्ये आमच्याखेरीज एकसारख्या टोप्या घातलेल्या जपानी आजीबाईंचा घोळका होता. काकांनी आधी मराठीत आणि मग त्या आजीबाईंना वाईट वाटू नये म्हणून जपानीत सांगितलं, की इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, म्हणजे आपला जिल्हा समजा, एक नॉर्मन किल्ला आहे, आणि त्याच्या आवारात चक्क गोल आकाराचं प्रार्थनाघर आहे. आजीबाई "हो का, हो का" अशा अर्थाच्या माना डोलवत होत्या. मी नव्या साडीत कोपऱ्यात अंग चोरून उभी होते आणि नवऱ्याकडे बघत होते. नवरा लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होता.

त्र्याण्णव साली लग्न होऊन मी नागोयाला आले त्याच आठवड्यातली ही गोष्ट. माझ्या बॅगासुद्धा उघडल्या नव्हत्या. रविवारी सकाळी सकाळी बेल वाजली. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, बनियनवर दात घासत होता. मी दार उघडलं, तर दारात कॅनव्हासची टोपी, गळ्यात कॅमेरा, खांद्याला थर्मास आणि हातात फॉइलमध्ये गुंडाळलेल्या थालीपिठांची चळत घेतलेले एक पंचावन्नच्या पुढचे गृहस्थ. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आवरा. रविवार आहे," म्हणाले. मला वाटलं, गॅसवाल्यांकडून कोणी आलंय.

ते दिघेकाका. मूळचे सांगलीचे, मशीन टूल्सच्या एका कंपनीत सल्लागार, नागोयात बरीच वर्षं एकटे राहत होते. नवं मराठी जोडपं आलं, की पहिल्या रविवारी काका त्यांच्या दारात हजर. घर लागलंय की नाही, झोप झालीय की नाही, भांडण चालू आहे की काय, कशाकशाची चौकशी नाही. उचलायचं आणि काहीतरी ऐतिहासिक दाखवायला न्यायचं.

मिलिंदने चाचरत सांगितलं, की त्याला ऑफिसात जायचंय, नव्या गाडीच्या पार्टचं काम आहे, सेक्शनमधले सगळेच रविवारी येतात, आपणच नाही गेलो तर बरं दिसत नाही. काकांचा चेहरा एकदम उतरला. मग त्यांनी मिलिंदच्या साहेबांचा, म्हणजे तिकडच्या भाषेत काचोंचा, घरचा नंबर मागितला आणि आमच्याच फोनवरून लावला. फोनवर बोलताना ते समोर माणूस असल्यासारखे कमरेत वाकत होते. काय अस्खलित बोलतात, असं कौतुक माझ्या मनात येतंय तोवर मिलिंद डोक्याला हात लावून खाली बसला. त्याला जपानी कळत होतं ना.

काकांनी काचोंना सांगितलं होतं, की आमच्यात नवं घर मांडल्यावर पहिल्या रविवारी नवरदेवाने नवरीला किल्ला दाखवायची रीत आहे. ती मोडली तर मुलीच्या माहेराला दोष लागतो, आणि नवरदेव ज्या कंपनीत असेल तिलाही थोडाफार लागतो.  काचोंनी म्हणे गंभीरपणे विचारलं, की कुठलाही किल्ला चालतो, का जुनाच लागतो?

मी हबकले. सासरच्या कुळाचाराची यादी मी लग्नाआधी तोंडपाठ केली होती, त्यात हे कुठेच नव्हतं. पण सोमवारी काचोंनी मिलिंदच्या हाती मिठाईचा खोका पाठवला, किल्ला यथासांग पाहून झाला का म्हणून विचारलं, आणि पुढे दर शनिवारी तो सेक्शन आमच्या धर्माची चौकशी करू लागला. दुसऱ्या रविवारची काही रीत असते का? असते, असं काकांनी परस्पर कळवूनही टाकलं होतं. त्या काचोंची आजही समजूत असेल, की आमचा धर्म मुख्यतः किल्ल्यांचा आहे.

काकांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे यायचे. एक 'समजा'. नागोयाजवळच्या इनुयामाचा किल्ला अस्सल जुना, लाकडी. त्याचे जिने इतके उभे, की मी साडी खोचून, मोजे घातलेल्या पायांनी, अक्षरशः रांगत वर पोचले. वरून किसो नदी दिसत होती. मला धाप लागलेली, आणि काका म्हणताहेत, ही समजा श्रॉपशरची सेव्हर्न नदी. ते धुराडं दिसतंय तिथे समजा वेनलॉकचा पडका मठ. आणि या पलीकडच्या वळणावर समजा लोखंडी पूल.

त्या लोखंडी पुलावर काकांचा फार जीव. जगातला पहिला मोठा बिडाचा पूल, श्रॉपशरमधल्या दरीत उभा आहे. तो बांधणाऱ्यांना लोखंड लोखंडाला कसं जोडायचं हे ठाऊकच नव्हतं, कारण त्याआधी कोणी एवढं मोठं काही केलंच नव्हतं. मग त्यांनी सुताराचे सांधे वापरले. खाच, खुंटी, पाचर. हे सांगताना काका खाण्याच्या काड्या एकमेकींत अडकवून दाखवायचे. नूडल्सच्या दुकानात शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या काड्यासुद्धा एकदा त्यांनी उचलल्या. तो माणूस इतका सभ्य, की पूल पूर्ण होईपर्यंत जेवायचा थांबला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरा शब्द 'राहून जातं'. कोणी म्हटलं, काका, आज नको, पुढच्या रविवारी जाऊ, की त्यांचा आवाज बदलायचा. "नाही हो, राहून जातं," म्हणायचे, आणि बूट घालायला बसायचे. बूट घातलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार?

त्या वर्षी इसे नावाच्या गावातल्या प्रसिद्ध देवळाची नवी उभारणी झाली. ते देऊळ दर वीस वर्षांनी जसंच्या तसं नव्याने बांधतात आणि जुनं उतरवून टाकतात. मला हे ऐकूनच कसंतरी झालं. देऊळ काय उतरवतात? पण तिथे गेलो तेव्हा काका त्या कोऱ्या, पिवळ्या लाकडाच्या वासात बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशी श्रॉपशरबद्दल चकार शब्द नाही. एवढंच म्हणाले, "यांचं बरं आहे. एकदा चुकलं तर वीस वर्षांनी पुन्हा करता येतं."

माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण नाही आलं. आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. कुठेही गेलो, की काका त्या वास्तूकडे पाठ करून उभे राहायचे आणि आमच्या तोंडांकडे बघायचे. दिसलं का, नीट बघा, म्हणायचे. स्वतः मागे वळून क्वचितच बघायचे. मला वाटायचं, श्रॉपशर पाहिलेल्या माणसाला हे काय नवल.

दोन वर्षं राहिले होते ते तिथे. सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमाराला, लग्न झाल्या झाल्या, श्रूझबरी नावाच्या गावातल्या कारखान्यात शिकाऊ इंजिनियर म्हणून. काकूही बरोबर होत्या. काय नशीबवान हो काकू, असं मी दर वेळी म्हणायचे. काका हं म्हणून थर्मासचं झाकण उघडायचे.

कमलकाकू पुण्यात होत्या. शाळेत इतिहास शिकवायच्या. काका नागोयाला आल्यापासून त्या तिथे एकदाही आल्या नव्हत्या. त्यांनी एकदा यावं यासाठीच काकांची सगळी धडपड चाललेली असायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुठल्या स्टेशनात सरकता जिना आहे, कुठल्या दुकानात मासळीचं पाणी न घालता नूडल्स देतात, कुठल्या देवळात बसायला बाक आहे, हे ते आम्हाला फिरवता फिरवता पारखून ठेवायचे. गुडघे दुखतात कमलचे, म्हणायचे. यंदा येईल, म्हणायचे. आणि दर वर्षी काकूंचा निरोप यायचा, की मी एकदा परदेश पाहिलाय, तेवढा पुरे. आणि काका रविवारी पुन्हा कोणाच्या तरी दारात.

त्या हिवाळ्यात मिलिंदच्या कंपनीत मशीन बसवायला एक इंग्रज आला. हॅरिस नाव. जाडसर, लाल गालांचा, फार गोड माणूस. मिलिंद घरी येऊन म्हणाला, अगं, तो श्रॉपशरचा आहे. लडलोचाच. मला कोण आनंद झाला. रविवारी दुपारी दोघांनाही जेवायला बोलवायचं आणि काकांना आधी काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. बटाट्याची भाजी, पुऱ्या, दही बांधून श्रीखंड. काकांना त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भेट द्यायची, या विचाराने मी पुऱ्या लाटताना गाणं म्हणत होते.

काका आले, हॅरिस कुठला ते मी मोठ्या झोकात सांगितलं, आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं, आनंदाने.

हॅरिस खुशीत येऊन विचारू लागला, आणि काका एकेक शब्दात उत्तरं देऊ लागले. एरवी लिफ्टमध्येही बोलायचा न थांबणारा माणूस! शेवटी मीच पुढे होऊन लडलोच्या गोल प्रार्थनाघराबद्दल सांगितलं, पाठच झालं होतं मला. हॅरिस थक्क झाला. म्हणाला, हे मला माहीतच नाही. मी त्या किल्ल्याच्या भिंतीखालच्या दुकानात जन्मभर पाव घेतोय, पण आत कधी गेलो नाही. घरापासून इतका जवळ आहे, की कधीही जाता येईल, असं वाटतं.

आम्ही हसलो. मग हॅरिसने काकांना सहज विचारलं, की वरच्या बुरुजावरून वेल्सचे डोंगर दिसतात असं म्हणतात, ते खरं का? तुम्ही पाहिले असतील.

काकांनी हो म्हटलं असतं तर कोणाचं काय बिघडणार होतं? हॅरिसने पाहिलं नव्हतं, आम्ही पाहिलं नव्हतं. पण काकांनी हातातली पुरी ताटात ठेवली आणि इंग्रजीत म्हणाले, "मी तो किल्ला पाहिलेला नाही. तुमच्या परगण्यातलं मी काहीच पाहिलेलं नाही."

 लोखंडी पूल, वेनलॉकचा मठ, स्टोकसेचा तटबंदीचा वाडा, रॉक्सेटरची रोमन भिंत, सगळं सगळं? मिलिंद माझ्याकडे बघतोय, मी मिलिंदकडे. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला फसवल्यासारखं वाटलं आणि रागही आला. हॅरिस मात्र मोकळेपणाने हसला, म्हणाला, मग आपण दोघंही एकाच माळेतले, आणि श्रीखंड मागून घेतलं.

तो गेल्यावर काका ओट्याशी आले आणि भांडी पुसू लागले. मी विचारलं नाही. तेच सांगू लागले.

श्रूझबरीत त्यांची एकच खोली होती. खाली पाववाल्याचं दुकान, वर हे दोघं. कमल तेव्हा वीस वर्षांची, इंग्रजी जेमतेम. ते सुधारावं म्हणून ती गावच्या लायब्ररीतून परगण्यातल्या जुन्या वास्तूंची पुस्तकं आणायची आणि काका संध्याकाळी दमून जेवायला बसले, की मोठ्याने वाचून दाखवायची. रोज. अडखळत, बोट ठेवून. किल्ला झाला की मठ, मठ झाला की पूल. आणि शेवटी विचारायची, रविवारी जायचं का? रविवारी कारखान्यात जादा काम असायचं. सक्ती नव्हती. पण मोठ्या मशीनवर हात ठेवायला मिळायचा तो रविवारीच, आणि परदेशी शिकायला आलेल्या पोराला तेवढंच दिसत होतं. पुढच्या रविवारी जाऊ, म्हणायचे. दोन वर्षं म्हणाले. मग बोटीची तिकिटं आली.

"तिने एकदाही कुरकुर केली नाही," काका म्हणाले. "एकटी जा म्हटलं, तर म्हणायची, आपण दोघं जाऊ. बोटीवर चढल्यावर मात्र तिने पुस्तकाचं नाव काढलं नाही. आजतागायत नाही."

म्हणजे आम्ही लिफ्टमध्ये, जिन्यावर, नूडल्स खाताना जे ऐकत होतो, ते त्या वीस वर्षांच्या मुलीचं वाचन होतं. या माणसाने ताटाकडे बघत ते ऐकलं आणि शब्दन् शब्द जपून ठेवला. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडू यायला लागलं, आणि मी ते कांद्यावर ढकलावं तर त्या दिवशी कांदाच नव्हता.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. काका गेल्यावर मिलिंद नको नको म्हणत असताना मी पुण्याला फोन लावला. काकूंना माझी ओळख सांगायला गेले तर म्हणाल्या, तू वृंदा ना, इनुयामाला रांगत चढलेली? मी चाट पडले. त्यांना सगळं माहीत होतं. मिलिंदचं बनियन माहीत होतं, काचोंची मिठाई माहीत होती. प्रत्येक रविवारी घरी पोचल्यावर काका त्यांना फोन करत आणि आज काय काय पाहिलं ते पहिल्यापासून सांगत. काकू ऐकत. बस, एवढंच.

मी म्हटलं, काकू, एवढं तुमच्यासाठी सगळं शोधून ठेवलंय त्यांनी, मग येत का नाही तुम्ही जपानला?

 काकू म्हणाल्या, "जपान पाहायचं माझं राहिलेलं नाही, गं. जे राहिलंय, तिथे चल असं त्यांनी मला कधी विचारलंच नाही."

घ्या. एवढा हुशार इंजिनियर, मशीनचा आवाज ऐकून कुठला दाता झिजलाय ते सांगणारा, आणि इतक्या वर्षांत हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. देणं एका गावचं, आणि हा फेडायला निघाला दुसऱ्याच गावात! मी दुसऱ्या दिवशी काकांना हे जसंच्या तसं सांगितलं. काका पांढरेफटक पडले. म्हणाले, आणि मी विचारलं अन् ती नाही म्हणाली तर? जपानला नाही म्हणते ते चालतं मला. तिथे नाही म्हणाली, तर मग काही उरतच नाही.

असं ते कित्येक आठवडे चालढकल करत राहिले. नंबर फिरवायचे, हवापाणी विचारायचे, ठेवून द्यायचे. आमच्यासारख्यांना दारातून खेचून नेणारा हा माणूस! शेवटी मीच एका रविवारी त्यांच्या फ्लॅटवर गेले, टेबलावर फोन त्यांच्यापुढे सरकवला आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. पाच मिनिटांनी काका बाहेर आले. मी विचारलं, काय म्हणाल्या? काका म्हणाले, सुट्टी कधी आहे, विचारतेय.

सुट्टी म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीचा गोल्डन वीक. त्याला जोडून आणखी चार दिवस मागितले, तर काकांच्या कंपनीत कोणी मेलंय का अशी चौकशी झाली. पण तेही मिळाले. काकूंच्या शाळेला सुट्टी होतीच. त्या पुण्याहून निघाल्या, काका नागोयाहून, आणि लंडनच्या विमानतळावर भेटायचं ठरलं. जाण्याआधी काकांनी नवे बूट घेतले, थर्मास घासला, माझ्याकडून थालीपिठं करून घेतली. मी त्यांना बजावलं, की काकूंना सगळं स्वतः दाखवा, एकही वास्तू सोडू नका. मिलिंदने कॅमेऱ्याचे रोल आणून दिले.

काका परत आले, तेव्हा आम्ही त्यांना आमच्याकडेच जेवायला बोलावलं. दोन-चार तासांची निश्चिंती, अशा तयारीने मी बसले होते. पण काका नुसतेच बसले. चेहरा उन्हाने रापलेला, आणि काहीतरी वेगळाच. मीच विचारलं, पहिल्या दिवशी कुठे गेलात? लडलोला ना?

"मी नाही गेलो," काका म्हणाले.

मला वाटलं, संपलं सगळं. पुन्हा राहिलं. मिलिंदने घास खाली ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. काकूंनी हट्टाने श्रूझबरीच्या त्याच गल्लीत उतरायचं ठरवलं होतं. पाववाल्याच्या जागी आता केस कापायचं दुकान होतं, आणि वरच्या खोल्या प्रवाशांना देत. त्यांना तीच खोली मिळाली. सकाळी काका नवे बूट घालून, थर्मास भरून, कॅमेरा अडकवून तयार. काकू साडीवर स्वेटर चढवून, पर्स घेऊन उठल्या आणि दाराशी जाऊन म्हणाल्या, तुम्ही बसा. मी जाऊन येते. जेवणाचं तुमचं तुम्ही बघा.

"एकट्या?" मी ओरडलेच. "तुम्हाला तिथे ठेवून?"

काकांनी मान हलवली. त्यांनाही आधी ती चेष्टा वाटली होती. मग जिन्यावर पावलं वाजली, आणि खालचं दार बंद झालं. काका तासभर तसेच बूट घालून बसून होते. मग त्यांना राग आला. एवढ्या लांब आणून ही काय वागणूक? मग काळजी वाटायला लागली, की तिला फलाट सापडला असेल का, गुडघा दुखला तर कोण आहे. पाऊस सुरू झाला. थालीपीठं फॉइलमध्ये तशीच राहिली. खोलीत वाचायला काही नाही, बोलायला कोणी नाही, खाली लोक छत्र्या घेऊन कुठे कुठे निघालेले. दुपार झाली तरी घड्याळ सरकेना. आणि मग, काका म्हणाले, मला कळलं. ही एक दुपार होती. तिच्या अशा दोन वर्षं होत्या.

त्यांनी बूट काढून ठेवले, आणि नुसते बसून राहिले.

 इतकं सांगून काका सरळ रडू लागले, आमच्यासमोर, लहान मुलासारखे. मिलिंद उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. माझेही डोळे वाहत होते, पण खरं सांगते, मला काकूंचा धसकाच बसला होता. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब जाऊन, इतक्या शांतपणे? मला वाटलं, हे एवढ्यावरच थांबलं असणार, ही बाई याला धडा शिकवायला गेली आणि शिकवून पुण्याला परतली.

मी पाणी दिलं. काका ते प्यायले आणि मग बोलले.

"संध्याकाळी आली. चपला चिखलाने भरलेल्या. मी चहा करून ठेवला होता, तो घेतला. कसा आहे किल्ला, असं विचारायची माझी छाती होईना. तीच म्हणाली. म्हणाली, छान आहे. डोंगर दिसतात वरून. बूट तयार ठेवा, तिकडे पायऱ्या घसरड्या आहेत. उद्या तुम्हाला दाखवते."